पायगुण

खिडकीजवळच्या रांगेतलं शेवटचं मशीनही अडकलं, तेव्हा वैद्यानं खुर्ची मागे सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

वैद्य हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. कॉम्प्युटर आजारी पडला की नाडी बघायला हाच यायचा. आता मात्र अख्खा हॉल आजारी होता आणि वैद्याला रोग सापडत नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. सगळ्या कॉम्प्युटरांवरची जुनी सिस्टीम पुसून नवी घालायची, तीही आपोआप. मशीन चालू झालं की नेटवर्कवर हाक मारतं, ‘कुणी आहे का?’ आतल्या खोलीतला सर्व्हर ओ देतो, मशीनला पत्ता देतो आणि नवी सिस्टीम पाठवायला लागतो. माणसानं नुसतं बघत बसायचं. इथं मात्र मशीन हाक मारायचं, भलतंच काही ऐकल्यासारखं थबकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारत राहायचं.

त्यानं केबल बदलून पाहिल्या. स्विच बदलला. सर्व्हर नव्यानं उभा केला. सगळं मुसळ केरात. गंमत म्हणजे सकाळी लवकर येऊन बसलं की एखाददुसरं मशीन शहाण्यासारखं पार पडायचं. ऑफिस भरलं की पहिले पाढे पंचावन्न.

“लोड येत असेल, साहेब,” तो म्हणाला.

“लोड माझ्या डोक्यावर आहे,” साहेब म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत हॉल तयार हवा. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस येईल.”

ही नोकरी त्याला फार दिवस घरी बसून काढल्यावर मिळाली होती. माहेरच्या लग्नकार्यात कुणी ‘जावई काय करतात?’ असं विचारलं की बायको पाणी प्यायला उठायची. आता कुठे ती कुणी न विचारताच सांगायला लागली होती. ती पुन्हा उठून जायला लागेल, या धास्तीनं तो रोज सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन बसायचा.

तशी बायकोची एकच तक्रार होती, त्याच्या पिशवीबद्दल. “पिशवी आहे की अन्नछत्र?” ती म्हणायची. चार्जर, छत्री, स्क्रूड्रायव्हर, कुणी मागायची खोटी, की त्यानं दिलंच. कुणाला काय दिलं, ते विचारावं तर आठवायचं नाही. या हातानं दिलेलं त्या हाताला कळू देऊ नये, ही वडिलांची शिकवण.

“हाताला नका कळू देऊ,” बायको म्हणायची, “पण डोक्याला तरी कळू द्या!”

जेवायला तो नेहमीसारखा अक्कांच्या टेबलाशी गेला. हिशेब बघणाऱ्या अक्का निवृत्तीला आल्या होत्या. त्यांची लेक परदेशात. बाकीचे फोनवर बोलायला जिन्यात जायचे. अक्कांचा गुडघा धरलेला, त्या आपल्या कोपऱ्यातूनच लेकीशी बोलायच्या. फोनवर लेकीचा चेहरा दिसला की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या निघून जायच्या.

“झालं का रे काही?”

“नाही, अक्का.” त्यानं पोळीचा तुकडा नुसता हातात धरला. “मशीनच्या हाकेला सर्व्हरच्या आधीच कुणीतरी भलता पत्ता देतंय, असा संशय येतो. घरून काही यंत्रबिंत्र आणून जोडलंय का, म्हणून सगळ्यांना विचारत फिरलो. तुम्ही नाही ना काही आणलंत?”

“मी घरून डबा आणते बाबा. तोही अर्धा तूच संपवतोस.”

त्याला हसू आलं. सबंध आठवड्यात पहिल्यांदा.

“खरं सांगू?” अक्का म्हणाल्या. “परवा मी रजेवर होते, तेव्हा तुझी अख्खी रांग झाली. काल मी आले, पुन्हा बोंब. माझाच पायगुण वाईट.”

“काहीतरीच काय! या ऑफिसात माझं असं एक तुम्हीच तर आहात.”

अक्कांनी त्याच्या पुढ्यात आणखी एक पोळी ठेवली.

दुपारभर तो या मशीनवरून त्या मशीनवर फिरत राहिला. संध्याकाळी साहेब आले, तेव्हा रांगांमागून रांगा तशाच हाका मारत होत्या. साहेबांनी आवाज चढवला नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

“ओळखपत्र ठेवून जा,” ते म्हणाले. “उद्या येणारा बघेल.”

त्यानं पिशवी भरली. बायकोला काय सांगायचं, ते जुळवून पाहिलं, जुळेना. दाराकडची वाट अक्कांच्या कोपऱ्यावरून होती. मान खाली घालून निघावं असं त्याच्या मनात होतं, पण अक्का उभ्याच होत्या. डोळे भरलेले.

“थांब. तुझी वस्तू राहिलीय.”

गुडघ्यावर हात टेकत त्या कशाबशा वाकल्या. टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीमागे हात घालून त्यांनी काहीतरी उपसलं. वायरी लोंबत असलेली वायफायची पांढरी डबी. तिच्यावरचा हिरवा दिवा विझला.

“तू नोकरीला लागलास त्याच दिवशी बसवून दिली होतीस ना, इथं रेंज नाही, लेक दिसत नाही म्हणून? पिशवीतून काढलीस आणि भिंतीतल्या केबलला जोडून दिलीस. रोज आल्याबरोबर चालू करते, जाताना आठवणीनं बंद करते. आता तूच नाहीस, तर मला कशाला ती?”

त्यानं डबी हातात घेतली. ती अजून कोमट होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग अक्कांच्या ओल्या डोळ्यांकडे. हे अक्कांना कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. डबी पिशवीत टाकून त्यानं अक्कांना वाकून नमस्कार केला आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

मागे हॉलमध्ये एका मशीनवर निळी पट्टी सरकायला लागली. मग शेजारच्या. मग रांगच्या रांग.

“अरे, झालं सुरू!” साहेबांचा आवाज जिन्यापर्यंत आला. “बघा, हा दाराबाहेर पडला मात्र! पायगुण म्हणतात तो हाच.”