अनंताच्या कळ्या

आमच्या धाकट्याला कुंडी धड उचलताही येत नाही. सिमेंटची गोणी ओढावी तशी ती गाडीपर्यंत फरपटत नेतो आणि वर मलाच ऐकवतो, "आई, तुझ्या ह्या अनंताने माझं कंबरडं मोडलंय."

आमचं घर विकलं तेव्हापासून दोघं मुलगे मला आळीपाळीने ठेवून घेतात. माझ्याबरोबर अनंताची कुंडीही फिरते. खतपाणी माझ्या हातचं, त्यामुळे झाड हिरवंगार असतं, कळ्यांनी लगडतं, आणि फुलायच्या आत माझा मुक्काम हलतो. मग नव्या बाल्कनीत कळ्यांचा नुसता सडा. घर विकल्यापासून एक फूल म्हणून बघितलं नाही मी. धाकटा म्हणतो, दादाकडचं पाणी खराब. थोरला म्हणतो, त्याच्या बाल्कनीत ऊन कुठे येतं? दोघांची तोंडं त्यावरून वाकडी.

परवा थोरल्या सुनेबरोबर नर्सरीत गेले, तेव्हा तिथल्या माळ्याला विचारलं.

"आजी, ऊनपाण्याचं काही नाही," तो म्हणाला. "अनंताला जागा बदललेली सोसत नाही. हलवला की कळ्या टाकतो."

मी बरं म्हटलं आणि घरी येऊन बॅग भरली.

आज धाकटा न्यायला आला. माझी बॅग गाडीत टाकून वर आला आणि कुंडीला हात घातला. एक कळी टोकाशी पांढरी झाली होती.



"ठेव ती खाली. जागा बदलायला मी एकटी पुरे."