चहाचा पत्ता

दुपारी चार वाजता देशातली सगळी यंत्रं प्रोग्रॅमिंगची पुस्तिका वाचणार होती आणि तिच्याबरहुकूम आपापले प्रोग्रॅम नव्याने लिहिणार होती. साडेतीन झाले तरी संपादक पोंक्षेबाईंनी पुस्तिका लिहिणाऱ्या अभिरामचं एक वाक्य अडवून धरलं होतं: ‘प्रोग्रॅमच्या तुकड्याने उत्तराऐवजी उत्तराचा पत्ता परत दिला तरी चालतं.’

“पत्ता दिला काय नि उत्तर दिलं काय, एकच की, बाई!” अभिराम वैतागला.

“बरं. मग माझा चहा दे. कप नको, नुसता पत्ता सांग.”

“पँट्रीत, खिडकीजवळच्या टेबलावर.”

बाई सावकाश गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. पँट्रीतल्या मावशींनी तोवर कप विसळून टेबलही पुसून टाकलं होतं.

“प्रोग्रॅमच्या तुकड्याचं काम संपलं की यंत्राच्या स्मृतीतली त्याची जागा अशीच पुसतात. पत्ता खरा, पण चहा गेला. तिथे हृदयाचा पुढचा ठोका ठेवलेला असता तर?”

अभिरामचा हात आपसूक छातीवर गेला. आतलं यांत्रिक हृदयही चार वाजता हीच पुस्तिका वाचणार होतं.

बाईंनी शांतपणे वाक्य बदललं: ‘काम संपताच जे पुसलं जाणार, त्याचा पत्ता देऊ नये, उत्तरच द्यावं.’

चार वाजून गेले. छातीतली धडधड तशीच चालू राहिली. बत्तीस वर्षं बाई अशीच वाक्यं अडवत होत्या, आणि पुस्तिकेत त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

अभिराम उठला. त्याने स्वतः आलं किसून चहा केला आणि गरम कप त्यांच्या हातात दिला.