स्टीलची सवत

मत्सर करावा तो कोत्या मनाच्या माणसांनी, असं काकू आयुष्यभर सांगत आल्या. मग निवृत्त झाल्यावर काकांनी स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ घेतलं आणि काकूंच्या घरात सवत आली.

तिला ओरखडा पडू नये म्हणून काका मनगट टेबलाला टेकू देत नसत, पट्ट्याच्या लॉकवर पारदर्शक फिल्म चिकटवत आणि झोपताना तिला मऊ फडक्यात गुंडाळून उशाशी घेत. इकडे काकूंनी लांबसडक केस खांद्यापर्यंत कापले, तर यांना पत्ताच नाही!

"मला कधी मेलं फडकं तरी पांघरवलंत का?"

"तुला कुठे ओरखडे पडतात?" काका म्हणाले.

झालं. काका आंघोळीला गेल्यावर काकूंनी फिल्म सोलली, सुरीने लॉकवर सणसणीत ओरखडा ओढला आणि फिल्म होती तशी चिकटवली.

काकांनी येऊन घड्याळ खिडकीपाशी नेलं, उलटंसुलटं न्याहाळलं. काकूंचा जीव टांगणीला.

"बघ, एक चरा नाही! याला म्हणतात निगा."

"आणि माझे केस कापलेले, ते तरी दिसले का?" काकूंनी विचारलं.



"अगं, हल्ली सगळं धूसरच दिसतं," काका हळूच म्हणाले. "किती वाजलेत, तेवढं जरा बघून सांग ना."