गप्प झाला की बाद

छप्पन साल. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते आणि कचेरीतली माणसंही भाषेप्रमाणे वाटली जात होती. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या हिम्मतरावांनी कचेरीतल्या वरिष्ठ काद्रीसाहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

"साहेब, मला औरंगाबादेला पाठवा. आमचा भानुदास चौदा वर्षांचा घोडा झाला, पण इथं तेलुगू-उर्दूला बिचकतो, कुणाशी एक शब्द बोलत नाही. आपल्या माणसांत गेला तर तोंड उघडेल."

साहेब विरघळले. बदली पक्की झाली.

निघेपर्यंत पोरगं घरात अंडी उबवत बसायला नको, म्हणून त्याच्या आईनं, तारामतीबाईंनी, त्याला गल्लीतल्या पोरांत खेळायला हाकललं. खेळ आपला हुतुतूच, फक्त ती पोरं त्याला चेडुगुडू म्हणत. गप्प झाला की बाद! सुरुवातीला भानुदास नुसता बाद होत राहिला. मग ओरडायला लागला, मग भांडायला, मग इतरांची भांडणं मिटवायला.

हिम्मतराव सामान बांधण्यात गुंतलेले. त्यांना याचा पत्ताच नाही.

निघायच्या आठवड्यात बदली रद्द झाली. हिम्मतराव धापा टाकत साहेबांकडे गेले.



साहेबांनी कपाळाला हात लावला. "क्या हिम्मतराव, बच्चा मुँह नई खोलता बोले थे ना? कल पूरी टीम लेके घर कू आया. 'हमारा मॅच है, बाप कू नक्को भेजो' बोलके घंटाभर बोला, मेरे कू मुँह खोलने नई दिया!"