डाव्या हाताचे सांधे

“फोटो टाकला मी नेटवर,” हॉलिसकाका म्हणाले आणि लिओनाच्या हातातला पॉलिशचा फडका जागच्या जागी थांबला.

“कसला फोटो?”

“विनीच्या कपाटाचा गं! परवा वर चढवायला आलो होतो ना, तेव्हा काढला. सुतारकामवाल्यांचा एक ग्रुप आहे आमचा. एक खण बाहेर ओढून नुसते सांधे दाखवले. लोक वेडे झालेत!”

“विनी दिसते का त्यात?”

“छे! नुसतं लाकूड.”

लिओनाचा जीव भांड्यात पडला. पण शेजारच्या या म्हाताऱ्याचं बोलणं कधी एका वाक्यात संपलंय?

“एकानं तर तुझा हातच ओळखला. म्हणतो, हे सांधे डावखुऱ्या बाईचे, कुठल्या गावची ती? मी परवाच सांगून टाकलं. म्हटलं, चांगलं गिऱ्हाईक दिसतंय, पोरीचं भलं होईल.”

“नाव काय त्याचं?”

“गॅरेट कायसं.”

लिओनाची पाचावर धारण बसली.

सहा वर्षं! सहा वर्षं ती मेन राज्यातल्या या जंगलात स्क्रूनं जोडलेली, यंत्रानं सांधलेली पाइनची टेबलं विकत होती. हातानं कापलेला एकही सांधा तिनं घराबाहेर जाऊ दिला नव्हता. ओहायोतल्या कारखान्यात ती आणि गॅरेट एकाच टेबलावर काम करायचे. खणाच्या कोपऱ्यातले ते एकमेकांत अडकणारे दात ती कशी कापते, सुईसारखे बारीक आणि शेवटचा किंचित डावीकडे कललेला, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माणूस नाव बदलेल, केस रंगवेल, हाताचं वळण कसं बदलणार?

पण विनीनं आठव्या वाढदिवसाला स्वतःचं कपाट मागितलं आणि लिओनाला राहवेना. खणाच्या मुठीत स्वेटर अडकतो म्हणून मूठ नको, असा बाईसाहेबांचा हुकूम. म्हणून प्रत्येक खणाच्या वरच्या कडेला बोटं शिरतील एवढीच खाच. सगळ्यात वरच्या खणात तिला टाचा न उचलता बघता यावं, म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना करून उंची ठरवली. चेरीची एकच फळी चिरून पाचही खणांचे दर्शनी भाग काढले, रेषा वरपासून खालपर्यंत अखंड. तीन महिने खपली. आणि सांधे घातले ते स्वतःच्या हाताचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?

“काका, तो विनीला घेऊन जाईल,” ती कशीबशी म्हणाली.

हॉलिसकाकांचा चेहरा पडला. “बाप आहे तिचा?”

तिनं मान डोलावली.

“मग कोर्टात जा की.”

“कोर्ट त्याच्याच बाजूनं निकाल देईल.”

“मारायचा का गं तुला?”

लिओना नुसती रडू लागली. काकांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. “काय अक्कल गहाण टाकली होती मी! थांब. हरणं मारायची बंदूक घेऊन येतो. दारातच बसतो. बघू कोण पोरीला हात लावतो ते.”

परवा सांगितलं गाव. ओहायोहून गाडीनं सोळा तास. म्हणजे आता कुठल्याही क्षणी! लिओना धडपडत जिना चढली. कपाटाचे खण भराभर ओढून तिनं कपडे पिशवीत कोंबले. खण लोण्यासारखे सरकत होते आणि तिला त्या सुबक कामाचा संताप येत होता.

“अगं, मी आत्ता घड्या घातल्या होत्या!” विनी कुरकुरली. “कुठं जायचंय?”

“लांब. बूट घाल.”

“आणि माझं कपाट?”

“दुसरं करू.”

“दुसरं नको मला. हेच हवंय.”

लिओनानं तिला छातीशी घट्ट धरलं. शाळेत घातलं नाही, कुणाच्या घरी खेळायला पाठवलं नाही, आठ वर्षांची झाली तरी नजरेआड केलं नाही. ही गेली तर मागे काय उरतं? काही नाही.

खाली खडीवर गाडी थांबल्याचा आवाज आला.

“इथंच थांब. खिडकीशी जाऊ नकोस,” असं बजावून ती खाली धावली. काका दारात बंदूक रोखून उभे होते. अंगणात गॅरेट. केस पार पिकलेले. त्यानं दोन्ही हात वर केले होते.

“एक पाऊल पुढं टाकलंस तर याद राख,” काका गरजले. “बाईमाणसावर हात उचलतोस काय रे? लाज नाही वाटत?”

गॅरेटनं फक्त लिओनाकडे पाहिलं आणि तिला नजर वर करवेना.

गाडीचं दुसरं दार उघडलं. एक किडकिडीत बाई दाराला धरून उतरली. ती लिओनाकडे बघत नव्हती, बंदुकीकडेही नाही.

वरून विनीची हाक आली, “आई, कोण आलंय?”

त्या हाकेसरशी बाईनं मान वर केली. ती तशीच चालत बंदुकीच्या नळीपर्यंत आली आणि अगदी हळू आवाजात काकांना म्हणाली,

“माझी एडिथ दोन वर्षांची होती हो. तासभर सांभाळ म्हणून हिच्यापाशी ठेवून गेले होते मी.”