सत्तावीस आजारी मुली

“डावा गुडघा की उजवा, ते अजून ठरलं नाही,” गुलाबी रुमालवाली बाई म्हणाली. “डॉक्टर लिहितील तो.”

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मुलींच्या आया हसल्या.

“आमच्या हिची मागच्या वर्षी पाठ दुखत होती,” शेजारची म्हणाली. “यंदा दमा मागणार. पाठीवर आता शाळेत कोणी विश्वास ठेवत नाही बाई.”

“आणि परवा चुलतबहिणीच्या लग्नात नाचत होती ती कोण?”

“तेव्हा दमा कुठे होता? तो आज होणार!”

हूरियाबाई बाकाच्या टोकाला बसून होत्या. खेळाच्या कपड्यांवर त्यांनी लांब कोट गळ्यापर्यंत लावला होता. त्याची तशी गरज नव्हती. पालक शाळेत येत ते गणिताच्या नाहीतर भौतिकशास्त्राच्या बाईंना भेटायला. खेळाच्या बाईंचं तोंड या आयांपैकी एकीनेही पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी बाकावरच्या आया मोजल्या. आठ. सकाळपर्यंत शाळेत एकोणीस दाखले येऊन पडले होते. शेवटच्या वर्गात मुली अठ्ठावीस. म्हणजे उरली एक.

खेळाचा विषय सक्तीचा होता. बाकालोरियाच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या मोठ्या परीक्षेत त्याचे गुण धरले जात. पण डॉक्टरांचा दाखला दिला की ते गुण धरत नसत, आणि मुलगी मैदानातून सुटे. सुटलेल्या वेळात ती शिकवणीला जाई. मुख्याध्यापकांनी काल सरळच सांगून टाकलं होतं, “रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मैदानात दहा मुली दिसल्या नाहीत, तर तो तास भौतिकला देतो. रिकाम्या मैदानात शिट्टी कोणासाठी वाजवणार तुम्ही?”

एकोणीस वर्षं बाईंनी ती शिट्टी वाजवली होती. त्यांना राग आला होता, आणि तो रात्रभर उतरला नव्हता. तियारेतसारखं गाव, जिथल्या घोड्यांची कीर्ती देशभर, तिथल्या सतरा वर्षांच्या पोरी दोन जिने चढून गेल्या की धापा टाकत कठड्याला टेकतात! सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो तास त्या सोडणार नव्हत्या.

“पुढचं कोण?” मदतनीस मुलीने विचारलं.

बाई उठल्या. आत बाईमाणूस असलं की डॉक्टर सनहाजी दार अर्धं उघडंच ठेवत. गावाचा तसा रिवाज होता. बाईंनी ते जाता जाता आणखी थोडं ढकललं.

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. माणूस लबाड नव्हता. एखादी आई समोर बसून रडायला लागली की त्यांच्याच्याने नाही म्हणवत नसे, एवढंच. वर्षानुवर्षं ते असेच दाखले देत आले होते.

“बाई, तुम्ही भांडायला आलात,” ते म्हणाले.

“छे. दाखला न्यायला आले.”

“तुम्हाला? काय होतंय?”

“मला काय धाड भरलीय! वर्गातल्या एका मुलीसाठी हवाय. अठ्ठाविसातल्या सत्तावीस आजारी. ही एकटी तेवढी मैदानात येते. एकटीला मी कोणाशी खेळवू? तिचंही उरकून टाका, म्हणजे मी मोकळी झाले.”

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. ते हसले आणि त्यांनी छापील कागदांचा गठ्ठा पुढे ओढला.

“मी म्हणतच होतो, तुम्ही शहाण्या आहात. नाहीतरी मुलींना अभ्यास थोडा का असतो? आजार कोणता लिहू?”

“तुमच्याकडे शिल्लक असेल तो.”

“दमा लिहितो. दम्याला कोणी हरकत घेत नाही.” त्यांचं पेन भराभर चालू लागलं. धावणे वर्ज्य, उडी वर्ज्य, चेंडूचे खेळ वर्ज्य, वर्षभर. खाली सही झाली. शिक्का बसला. बाहेर आयांची कुजबुज चालू होती.

“नाव सांगा.”

“सीरीन.”

त्यांनी लिहिलं. “आडनाव?”

बाईंनी घसा साफ केला आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सनहाजी.”

पेन थांबलं. बाहेरची कुजबुजही थांबली.

“ही तर माझी मुलगी,” डॉक्टर म्हणाले.

“हो. वर्गात धडधाकट असलेली एकुलती एक. लिहा की.”

“भलतंच काय!” त्यांनी तो कागद टराटरा फाडला. त्यांना खरोखरच संताप आला होता. “माझ्या पोरीला असला दाखला? मी तिला एक तास चुकवू देत नाही! सतरा वर्षांची आहे ती. या वयात धावली नाही, घाम गाळला नाही, तर पुढे जन्मभर—”

त्यांची नजर हूरियाबाईंच्या खांद्यावरून मागे गेली होती. बाईंनीही वळून पाहिलं.

दार सताड उघडं होतं. आठही आया बाकावरून उठून तिथे येऊन उभ्या होत्या. पुढे ती गुलाबी रुमालवाली होती.

“बोला ना डॉक्टर, जन्मभर काय?” तिने विचारलं. “आमच्या पोरीही सतराच्याच आहेत.”