कोरडा खड्डा

"इथे," सासरे म्हणाले आणि पायरीजवळच्या फरशीवर त्यांनी खडूने फुली मारली.

सुनेने छिन्नी उचलली, पण हात चालेना. गळती तिथे नव्हती. ती दहा पावलं पलीकडे, कुंपणाच्या भिंतीशी होती. सकाळी सासरे आत चहा पीत होते, तेव्हा लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून तिने अख्खं अंगण पालथं घातलं होतं. भिंतीशी सळईतून बारीक फुसफुस आली होती, कुकरची शिट्टी होण्याआधी येते तशी.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. एकही नळ उघडा नसताना विहिरीवरचा पंप दर पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. सुनेने घराकडे जाणारा व्हॉल्व बंद करून पाहिला, तरी टाकीवरचा दाबाचा काटा उतरतच राहिला. म्हणजे घरातले नळ निर्दोष. पाणी मुरत होतं ते विहिरीपासून टाकीपर्यंतच्या, अंगणाखालच्या पाइपातून. एवढं तिने एकटीने शोधलं होतं. पण फुली मारायचा मान सासऱ्यांचा. तीस वर्षं त्यांनी सळई टेकवावी आणि पाणी नेमकं तिथेच निघावं. मिस्त्रींना जमिनीखालचं ऐकू येतं, असं लोक म्हणायचे.

गेल्या दोन-तीन महिन्यांपासून मात्र त्यांना जमिनीवरचंही धड ऐकू येत नव्हतं. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून निभावून न्यायचे. पाठीमागून हाक मारली तर ओ नाही. हे सुनेला ठाऊक होतं. पण झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं तिने ठरवलं होतं. माहेरी कधी साधा पानाही हातात न धरलेल्या आपल्याला ज्यांनी हा धंदा शिकवला, त्यांना परक्या अंगणात खोटं कसं पाडायचं? तिचा जीव तुटत होता.

"गेल्याच महिन्यात बसवल्यात हो या फरश्या," बाई म्हणाल्या. "पण मिस्त्री म्हणताहेत तर फोडा."

तिने तीन फरश्या फोडल्या. हातभर खणलं. पाइप लागला, तो खडखडीत कोरडा. भोवतालची माती मुठीत धरली तर भुरभुर निसटत होती.

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मिस्त्रींचा अंदाज चुकला वाटतं."

"नाही, माझंच चुकलं," सून घाईघाईने म्हणाली. "मी जरा बाजूला खणलं."

सासरे खड्ड्याशी उकिडवे बसले. पाइपावरून बोट फिरवून त्यांनी ते कोरडं बोट उगाच मांडीला पुसलं. मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "सकाळी भिंतीशी बराच वेळ बसली होतीस. खिडकीतून दिसत होतीस मला."

ती छिन्नीवरची माती झटकू लागली.

"कळलं होतं ना तुला? मग अडवलं का नाहीस?"

"तुम्ही इथे म्हणालात, बाबा."

"मी म्हणालो म्हणून कोरडी माती ओली होणार होती?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी हट्टाने फुली मारली, तू मुकाट्याने फोडलंस. फरश्या गेल्या बाईंच्या. आता सांग, कुठे आहे गळती?"

बाई चार हातांवरच उभ्या होत्या. सुनेने मान खाली घातली आणि त्यांच्या कानावर जाऊ नये अशा बेताने पुटपुटली, "भिंतीशी."

सासऱ्यांनी हाताचा पंजा कानामागे धरला. बाईंकडे एकदा नीट पाहिलं.

"मान वर करून, मोठ्याने सांग," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."